पहिल्या ओळीला हरकत

‘मॅडम, आमचं एक गाव घटना लिहितंय. तुम्ही येता का?’

मृणालचा हा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, पंख्याखाली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मृणाल माझी जुनी विद्यार्थिनी, आता पोलादपूर तालुक्यात ग्रामसेविका आहे. मी सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवते. ‘धर्मनिरपेक्ष राज्याची घटना आणि धर्म’ हे प्रकरण मी इतक्या वेळा शिकवलंय, की झोपेतून कोणी उठवलं तरी पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडतं. पण कुणी घटना लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. गावाच्या संस्थेची का असेना, तिलाही घटनाच म्हणतात. गठ्ठा बांधून ठेवला आणि निघाले.

मृणालनं फोनवर सांगितलेली हकीगत अशी. गावात नवी पाणी योजना झाली होती. डोंगरातल्या झऱ्यावर टाकी आणि तिथून तिन्ही वाड्यांना नळ. पंचायतीनं योजना बांधली, पण ती चालवायला गावानं स्वतःची नोंदणीकृत संस्था काढायची असं ठरलं. संस्था म्हटली की घटना आली. मसुदा तयार होता. ‘आणि त्यात एक कलम आहे,’ एवढं बोलून मृणाल थांबली होती. ‘ते तुम्ही इथं येऊनच वाचा.’

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना ते ठाऊक आहे.

महाड

महाडला उतरले ती दुपार होती. आमच्या सोलापूरचं ऊन कोरडं, डोक्यावर बसतं. इथलं ऊन अंगाला चिकटतं. स्टँडबाहेर पडेपर्यंत पाठ भिजली. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली असावी. हेल्मेट कोपराला अडकवलेली माणसं मोटरसायकलींवरून एकामागून एक येत होती आणि त्यांच्याबरोबर औषधांच्या कपाटासारखा एक वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाचा स्मरणदिन होता, त्यामुळे चवदार तळ्याकडे आदल्या दिवसापासूनच माणसांची रीघ लागली होती. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. तळ्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारी पाण्याशी वाकली, ओंजळ भरली, थोडं प्यायली आणि उरलेलं डोळ्यांना लावलं. १९२७ साली याच पाण्याला हात लावायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, हे मी दर वर्षी मुलांना सांगते. सांगताना तळं डोळ्यांपुढे नसायचं, पानाचा क्रमांक असायचा.

मृणालनं माझी गाठ इथंच एका बाईशी घालून दिली होती. सुगंधाताई जाधव, गावातल्या बौद्धवाडीतल्या अंगणवाडीसेविका. वय पन्नाशीचं, अंगानं बारीक, बोलणं थेट. दर वर्षी वाडीतल्या बायकांना टेम्पोत घालून, गर्दी टाळायला आदल्या दिवशीच, त्या तळ्यावर येतात. या वेळी परतताना त्या मला गावात घेऊन जाणार होत्या.

‘तुमी घटना शिकवता म्हनं?’

‘हो.’

‘किती वर्सं?’

‘सव्वीस.’

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला झेरॉक्स काढला. ‘मग ही आमच्या गावची वाचून सांगा.’

मी पायरीवर बसून वाचलं. पहिली ओळ होती, ‘ग्रामदैवत आई काळकाईच्या कृपेने आम्ही समस्त ग्रामस्थ…’ पुढे उद्देश, कार्यक्षेत्र, सगळं नीट. चौथं कलम सभासदत्वाचं होतं. ‘ग्रामदैवतास मानणारा, अठरा वर्षे पूर्ण झालेला गावचा कोणीही रहिवासी.’

मी मान वर केली.

‘आमची वाडी देवीला मानत नाय,’ सुगंधाताई म्हणाल्या. ‘माझ्या आज्यानं सोडली. पालखी आमच्याकडं येत नाय, आमी बोलवत नाय. त्यात भांडान नाय काय. पन सभासद नाय तर मत नाय, आनि मत नाय तर नळ किती वाजता सोडायचा ते आमाला कोन विचारनार?’

‘हे मुद्दाम घातलंय का?’

‘तेच तर कळंना,’ त्या म्हणाल्या. ‘मुद्दाम घातलं असतं तर भांडायला बरं पडलं असतं.’

आंबेनळीच्या अलीकडे

पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरचा रस्ता आंबेनळी घाटाकडे निघतो. घाट लागायच्या अलीकडेच आमचा टेम्पो डावीकडच्या कच्च्या वाटेला वळला. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यावर जुन्या दरडींचे तांबडे ओरखडे. आमच्याकडे डोळ्यांना अडवणारं काही नसतं. सपाट माळावर नजर जाते तितकी जाते. इथं कुठंही पाहा, दहा पावलांवर डोंगर उभा. मला पहिल्या दिवसापासून कोंडल्यासारखं होत होतं. पण ते डोंगरांमुळं होतं की त्या चौथ्या कलमामुळं, हे सांगता आलं नसतं.

राहायची सोय अण्णा मोऱ्यांकडे होती. अण्णा गावचे मानकरी. देवीच्या पालखीचा पहिला मान त्यांच्या घराचा, आणि मसुदा त्यांच्याच हातचा. मी मनात एक चेहरा तयार करून गेले होते, कडक मिशांचा, खर्जातल्या आवाजाचा. निघाले वाकलेले, हसरे, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेले सत्तरीचे गृहस्थ. शिमगा नुकताच होऊन गेला होता, सणाला आलेले गावचे मुंबईकर अजून गावात होते आणि ओटीवर पालखीच्या वेळचा गुलाल तसाच पडलेला होता.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कांद्यात परतलेली सुकट. सुकटीचा वास मला आधी झेपला नाही. दुसऱ्या घासाला झेपला आणि तिसऱ्याला मी मागून घेतली. आमची कडक ज्वारीची भाकरी महिनाभर टिकते असं मी सांगितलं, तर काकू, अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, ‘म्हयनाभर? मग ती खायची का कौलावर घालायची?’ सगळे हसले, मीही हसले. अशा घरात बसून चौथ्या कलमाचा विषय काढायचा कसा?

अण्णांनीच काढला. कोनाड्यातून एक जीर्ण वही आणली. त्यांच्या वडिलांच्या काळात मुंबईत गिरणीत गेलेल्या गावकऱ्यांनी एक मंडळ काढलं होतं, त्याच्या नियमांची.

‘ह्यातनंच उतरवलंय मी. माझ्या मनचं काय नाय. बापानं लिवलंय ते कसं खोडू?’

‘पण अण्णा, या कलमानं बौद्धवाडी बाहेर राहते.’

‘बाहेर कशाला? पानी देनार की आमी. पानी कोन अडवतंय?’

‘देणार, हो. पण देणारे तुम्ही आणि घेणारे ते.’

अण्णा वहीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या तुमाला झरा दाखवतो. मग बोला.’

देवराई

झरा देवीच्या राईत आहे. राईच्या तोंडाशी अण्णांनी वहाणा काढल्या आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मी क्षणभर घुटमळले. योजना सरकारी, झरा सार्वजनिक, मग वहाणा कशाला काढायच्या? आणि पुढच्याच क्षणी काढल्याही. परक्या घरात आपण काढतोच की, अशी स्वतःची समजूत घातली. वीस पावलांवर टाचेत काटा गेला. अण्णांनी मला दगडावर बसवलं, सदऱ्याची सेफ्टी पिन काढली आणि एका डोळ्यानं तो अलगद उपसून काढला. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आत गारवा होता. मिठी मारायला तीन माणसं लागतील असे बुंधे, वेली, आणि त्यांच्या मुळांतून झिरपणारं पाणी. मार्च अर्धा उलटला होता, खालचे ओढे कोरडे पडले होते, आणि इथं पाण्याचा आवाज येत होता.

‘बघा,’ अण्णा म्हणाले. ‘ह्या राईत कुनी कोयता घालत नाय. सरकारला भिऊन नाय, आईला भिऊन. पलीकडच्या डोंगराला आई नाय, तिथं लाकडाचे टरक येऊन गेले. पावसाळ्यात तिथली माती खाली आली. हितं झाड हाय म्हनून झरा, आन् आई हाय म्हनून झाड. आता तुमी म्हनता आईचं नाव काढा. काढलं. उद्या पोरं म्हनतील, आईचं नाव नाय तर राईत जायला हरकत काय? त्यांना तुमी अडवाल?’

वर्गात एखादा मुलगा असा प्रश्न विचारतो तेव्हा मी म्हणते, चांगला मुद्दा आहे, पुढच्या तासाला पाहू. इथं पुढचा तास नव्हता.

संध्याकाळी बौद्धवाडीत गेले. सुगंधाताईंच्या अंगणात मृणालही येऊन बसली होती. मी तिला सरळ विचारलं, ‘असं कलम टिकेल तरी का? सार्वजनिक पाणी आहे. तू खोडून टाक ना.’

‘खोडू शकते, मॅडम. वरून एक पत्र आणलं की झालं. पण मग ते पत्राचं पाणी होईल. आणि माझी बदली कधी होते याची गाव वाट बघत बसेल.’

सुगंधाताईंनी अण्णांचा राईचा मुद्दा शांतपणे ऐकून घेतला. ‘राई त्यांच्या आईनं राखली, खरं हाय. पन राखायला लाकूडतोडीवर बंदीचं कलम घाला की. मी पयली सही करते. झाडाला देवी लागते, मान्य. सभासदाला कशाला लागते?’ मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुमच्या शहरात असलं काय नसंल.’

‘नाही,’ म्हणून मी सुटले असते. तसं म्हणालेही. पण गप्प बसवेना. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत, दुसऱ्या धर्माच्या माणसाला फ्लॅट विकायचा नाही, असं सगळ्यांनी तोंडी ठरवलं होतं. कागदावर काहीच नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. हे मी त्यांना सांगितलं.

‘मग तुमी काय बोललात?’

‘काही नाही.’

‘हां,’ सुगंधाताई म्हणाल्या, आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. की मलाच तसं वाटलं?

कौल

सभा तिसऱ्या दिवशी दहाला होती. सकाळी सातलाच अण्णांनी मला देवळात नेलं. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, असं काकू सांगत होत्या.

‘बापाचं लिवलेलं मी खोडू शकत नाय,’ ते वाटेत म्हणाले. ‘आईला इचारतो. ती म्हनली तर.’

कौल लावतात ते मी पहिल्यांदाच पाहत होते. गुरवानं देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अण्णा हात जोडून मोठ्यानं बोलले, ‘आई, सभासदाच्या अटीतनं तुझं नाव काढतो. राग नाय ना?’

गाभाऱ्यात समईचा उजेड, तेलाचा वास. कुणी हलत नव्हतं. आणि मी, राज्यशास्त्राची प्राध्यापक, श्वास रोखून उजव्या कळीकडे पाहत होते. पड, मनातल्या मनात म्हणत होते, पड एकदाची. ती पडली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. जे कलम मी सव्वीस वर्षं माणसाचा हक्क म्हणून शिकवलं, ते मी आत्ता एका कळीकडे मागितलं होतं.

शाळेचा व्हरांडा

सभेला दीडेकशे माणसं असावीत. बौद्धवाडीची माणसं उजव्या कडेला, सगळी एकत्र. मृणाल टेबलाशी इतिवृत्ताची वही उघडून बसली होती. अध्यक्ष म्हणून अण्णा उठले आणि त्यांनी कौलाचं सांगितलं. ‘आईनं उजवा दिला. चौथ्या कलमातनं मानन्याची अट काढा. राहनारा तो सभासद.’ टाळ्या पडल्या. मृणालनं सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मते सभा संपली होती.

सुगंधाताई उभ्या राहिल्या.

‘अण्णा, एक इचारते. कळी डावी पडली असती तर?’

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

‘खोटं कशाला बोलू?’ ते म्हणाले. ‘मग माझा हात वर आला नसता.’

‘मग हा कौल वहीत लिवू नका. आज आमाला आईनं दिलं असं लिवलं, तर उद्या आई काढून पन घेईल. वहीत हात लिवा. किती वर, किती खाली. तेवढंच.’

मागून एक मुंबईकर ओरडला, ‘म्हणजे आईपेक्षा हात मोठे झाले काय?’ त्यावर दोन-चार आवाज चढले. कुणी खुर्ची सरकवली. बौद्धवाडीतला एक तरुण उठू लागला, त्याला सुगंधाताईंनी मनगटाला धरून बसवलं. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले.

‘मॅडम, तुमी सांगा. देशाची घटना लिवली तवा दिल्लीत काय केलं व्हतं? तिथं कुनी देवाचं नाव काढलंच असंल.’

मी उभी राहिले. काट्याची टाच अजून दुखत होती. म्हटलं, ‘काढलं होतं. प्रस्तावनेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी, अशी सूचना एका सभासदानं मांडली. कुणी म्हणालं, देव का, देवी का नाही? कुणी विनवणी केली, की देवाला मतदानाला लावू नका, सूचना मागे घ्या. ती मागे घेतली गेली नाही. शेवटी मत झालं आणि ती पडली.’

‘देव पडला?’ अण्णांनी विचारलं.

‘देव नाही पडला, अण्णा. सूचना पडली. त्या सभागृहात देव मानणारेच जास्त होते. पण ज्याला मानायचं नाही, त्याच्या तोंडी ते वाक्य घालायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. शपथ मात्र दोन्ही तऱ्हेची ठेवली. हवी तर ईश्वराला साक्ष ठेवून घ्या, नाहीतर नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा.’

‘आन् मत देताना कुनी कौल लावला व्हता?’

‘घरी लावला असेल तर ठाऊक नाही. वहीत नाही लिहिला.’

अण्णा मृणालच्या टेबलाशी गेले. मग म्हणाले, ‘मग आपन बी हात मोजू.’

आधी चौथं कलम. मृणालनं वाचलं, ‘गावचा अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही रहिवासी.’ पहिला हात अण्णांचा वर गेला. मग इकडून तिकडून, काही चटकन, काही शेजारच्याकडे बघून. तो ओरडणारा मुंबईकर हात बांधून बसून राहिला. त्याच्या आईनं मात्र हात वर केला. विरोधात पाच-सहा. राईत कोयता न घालण्याचं कलम सुगंधाताईंनी सुचवलं, ते एकमतानं मंजूर झालं.

मग पहिली ओळ. ‘ग्रामदैवत आई काळकाईच्या कृपेने.’ सुगंधाताईंनी ती वगळावी असं मांडलं. मी अण्णांकडे पाहत होते. त्यांचा हात मांडीवरच राहिला. बौद्धवाडीचे सगळे आणि वरच्या वाडीतल्या तीन बायका, एवढेच हात वर आले. ओळ राहिली.

मला वाईट वाटलं. किती वाईट, ते मला त्या वेळी कळलं नाही. मी मनाशी समजूत काढायला लागले, की हक्क कलमात असतो, पहिली ओळ नुसती शोभेची. आणि मग आठवलं, की शोभेची ओळ असती तर ती ठेवायला इतके जण इतके नेटानं बसले नसते. सुगंधाताईंच्या शेजारी जाऊन मी हळूच म्हटलं, ‘निदान सभासदत्व तरी मिळालं.’

‘मिळालं नाय, मॅडम. हुतंच. आज लिवलं गेलं.’ मग मृणालला त्यांनी विचारलं, ‘दुरुस्तीचं कलम हाय ना ह्यात?’

‘आहे. अकरावं.’

‘मग पुढच्या सभेला ही ओळ परत काढीन. त्याच्या पुढच्या बी. आता माझी हरकत लिवून घे.’

त्यांनी स्वतःच वही ओढली आणि चार ओळी लिहिल्या. अंगणवाडीच्या रजिस्टरमधलं अक्षर, गोल आणि सुटं. खाली सही केली. मृणाल म्हणाली, हरकत सभेत वाचून दाखवावी लागेल. ती वाचायला लागणार, तोच अण्णा म्हणाले, ‘हिकडं दे. अध्यक्ष मी हाय ना?’

त्यांनी वही उजव्या, चांगल्या डोळ्यासमोर धरली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. सभा ऐकत होती.

‘मी, सुगंधा जाधव, पहिल्या ओळीला हरकत नोंदवते. पाणी गावाचं आहे आणि आम्ही गावचे आहोत. म्हणून ते आम्हाला कोणाच्या… कोणाच्या कृपेने मिळते…’

‘मिळत नाही,’ सुगंधाताई जागेवरून म्हणाल्या. ‘नाही राहिलं, अण्णा.’

अण्णांनी वही डोळ्याच्या आणखी जवळ नेली. शब्द सापडला, तसं मान हलवली. मग बोट मागे नेलं आणि त्यांनी ते सगळं पुन्हा, मोठ्यानं, पहिल्यापासून वाचलं.